धोट्याला तोंड कोणी लावायचे?

(अभ्यासवर्गात केलेले भाषण. टेपवरून उतरवताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला विषय दिलाय, ‘औद्योगिकीकरण आणि मालक-कामगार संघर्ष’. पत्रकावर तसंच छापलंय. वाचून मला शाळेतले गाईड आठवले. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, मधे गिरणीचा भोंगा. भोंगा वाजला की कामगार आत, लाल बावटा दिसला की कामगार बाहेर. पाच मार्कांचे उत्तर संपले. ह्या चित्रात माझा आजा नेमका कुठे उभा होता, ते मी कित्येक वर्षे शोधतोय. तो कामगार होता, ह्यात शंका नाही. कापसाची धूळ खाऊन खाऊन मेला. पण त्याचे भांडण एकट्या मालकाशी नव्हते. हे सांगायला लागलो की डावीकडचे मित्र म्हणतात, तू वर्गात फूट पाडतोस. आणि आपल्यातले काहीजण म्हणतात, कामगार-बिमगार सोड रे, ते लाल लोकांचे दुकान. दोघांशीही मला आज बोलायचे आहे. रागावलात तर रागवा. चहानंतर भांडू.

आधी ही वस्तू बघा. ह्याला धोटा म्हणतात. हातोहात पुढे द्या, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. लाकडाचा आहे, दोन्ही टोकांना धातू बसवलाय, म्हणून जड लागतो. मधे पोकळी आहे, तिच्यात सुताची कांडी बसते. आणि बाजूला हे बारीक भोक आहे, ते नीट बघा. आजच्या सगळ्या भाषणाचा विषय ह्या भोकात आहे.

साच्यावर हा धोटा ताण्याच्या सुतांमधून इकडून तिकडे पळतो, मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या. त्याच्या पोटातल्या कांडीचे सूत संपले की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, आणि तिच्या सुताचे टोक ह्या भोकातून बाहेर काढायचे. कसे काढायचे? सुई नाही, आकडा नाही. भोकाला ओठ लावायचे आणि दम आत ओढायचा. सूत जिभेवर येते. सुताबरोबर तंतू येतात, धूळ येते, खळ येते, कधी तेलाची चव येते. मग थुंकायचे आणि साचा चालू करायचा. काही मिनिटांनी पुन्हा तेच. एका पाळीत असे किती वेळा, त्याची मोजदाद विणकराने करायची नसते. आणि पाळी सुटली की तोच साचा, तेच धोटे दुसऱ्या विणकराच्या हातात. म्हणजे त्याच्याही तोंडात.

आता आलं लक्षात?

मुंबईच्या गिरण्यांत विणाईखाते आपल्या माणसाला बंद होते. बंद म्हणजे पार बंद. कुठल्याही दारावर पाटी नव्हती, कुठल्या कायद्यात कलम नव्हते. स्पृश्य विणकरांचे म्हणणे एवढेच, की महाराच्या थुंकीचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा? संपला विषय. विणाई हे उक्त्यावरचे काम, जेवढे कापड तेवढा पैसा, आणि साध्या कामगारांत विणकराची कमाई सगळ्यांत चांगली. आपली माणसे त्रासनखात्यात, म्हणजे जिथे सूत कातले जाते तिथे. पगार कमी, गरमी जास्त. सूत आमचे चालायचे बरं का! महाराने कातलेले सूत विणायला, त्याचे धोतर नेसायला, त्याचे उपरणे खांद्यावर टाकून देवळात जायला कोणाची हरकत नव्हती. हरकत फक्त त्या वीतभर लाकडाला.

माझा आजा सातारा जिल्ह्यातून आला. गावी वाट्याला ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, आणि वतनाच्या नावाखाली फुकटची राबणूक. मुंबईत आला तेव्हा त्याला वाटले, यंत्राला काय जात कळतेय? चाक फिरते, पट्टा फिरतो, ते कोणाला विचारते का तू कोणाचा म्हणून? त्याला ओळखीच्या मुकादमाने त्रासनात लावला. दस्तुरी देऊन अर्थातच. मुकादमाला पैसे चारल्याशिवाय गिरणीत कुत्रेही शिरत नव्हते. दोन-तीन वर्षांनी त्याने हिय्या करून विणाईतल्या मुकादमाला विचारले, मला साचा शिकवा. मुकादम हसला. म्हणाला, “तुला शिकवीन रे, पण त्ये धोटं मग कोन वापरनार?” आजा ही गोष्ट सांगताना मुकादमाचा आवाज काढायचा. आम्ही पोरे हसायचो. तो हसत नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

हा साचा, हा धोटा आला कुठून? विलायतेहून, लँकेशायरहून. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. यंत्रे बोटीने यायची. तोंडाने सूत ओढायचा धोटा तिकडेही होता. तिकडच्या विणकर बायासुद्धा त्याला तोंड लावत. दात किडायचे, एकीचा रोग दुसरीला लागायचा. त्यावर तिकडे ओरड झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असल्या धोट्याला कायद्याने बंदी केली. हाताने सूत ओवायचे धोटे निघाले होते, मिळत होते. तेव्हा हे काही न सुटणारे तांत्रिक कोडे नव्हते. तिकडे प्रश्न निघाला तोंडाच्या आरोग्याचा, इकडे निघाला तोंडाच्या जातीचा. इकडच्या मालकाने हिशोब केला असेल, की नवे धोटे कशाला विकत घ्या? शेकड्याने महार कामगार त्रासनात अडकून पडलेत, त्यांना दुसरे दार नाही, दार नाही म्हणून घासाघीस करता येत नाही. असा बांधलेला मजूर फुकटात मिळतोय, तोही आपले हात न मळता. मालकाने नियम केला नाही. त्याने फक्त तो चालू दिला.

पण थांबा. हे ऐकून लगेच कोणी म्हणू नये की बघा, खरा शत्रू मराठा विणकर, मालक बिचारा बाजूला. मालक काय चीज होती तेही ऐका.

पहिल्या गिरण्यांत कामाचे तास सूर्यावर होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची सुट्टी नाही. पगार एक-दोन महिने तुंबलेला, म्हणजे पळून जायची सोय नाही. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने काय मोठे केले? सात वर्षांच्या आतल्या पोराला कामाला लावायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या पोराकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. सात वर्षांचे पोर! नऊ तास! आणि ह्या कायद्यावरसुद्धा आपले देशभक्त पेपरवाले चिडले होते. म्हणे हा लँकेशायरचा कावा आहे, आमचा धंदा बुडवायला. लँकेशायरवाल्यांचा स्वार्थ होताच, ते काही संत नव्हते. पण देशभक्ताला पोराचे नऊ तास दिसले नाहीत, मालकाचा नफा दिसला.

तेव्हा कामगाराच्या बाजूने कोण उभा राहिला? जोतीरावांचा माणूस. नारायण मेघाजी लोखंडे. ‘दीनबंधू’चा संपादक, सत्यशोधक. मार्क्सची पोथी त्याच्या हातात नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात त्याने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत द्या, यंत्रात हात तुटला तर बरा होईपर्यंत पगार द्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्यात दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला मालकांच्या असोसिएशनने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी लोळत मोबाईल बघता ना, ती सुट्टी चर्चमधून आली नाही, रेसकोर्सवरून आली. लोखंड्यांनी तर सांगितले होते, रविवार आमच्या खंडोबाचा वार.

गिरणीत विजेचे दिवे आले आणि सूर्याचे बंधनही गेले. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. लोकांनी दंगे केले. १९११ च्या कायद्याने बारा तास, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा. एकेक तास असा दगडातून पाणी काढल्यासारखा काढलाय. आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ झाले १९४६ च्या दुरुस्तीने, आणि १९४२ पासून त्या सालापर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री कोण होते हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या जयंतीच्या बॅनरवर हे येत नाही. बॅनरवर कोट आणि घटना. कामगाराच्या घड्याळातले तास कोणी कमी केले ते मंडळाच्या अध्यक्षालाच ठाऊक नसते. असो.

आता १९२८ वर येतो. मुख्य गोष्ट तिथे आहे.

मालकांनी काटकसर योजना काढली. दोन साच्यांवर काम करणाऱ्या विणकराने तीन साचे चालवायचे. त्रासनवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. दर खाली, माणसे कमी. एप्रिलमध्ये संप भडकला तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने. दीड लाख कामगार बाहेर. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही सगळी मंडळी ह्या संपातून पुढे आली, गिरणी कामगार युनियन ह्याच संपातून उभी राहिली. मोठा संप होता. मी त्याला कमी लेखत नाही. सहा महिने उपाशी राहणारा माणूस कोणत्याही जातीचा असो, त्याला सलाम करावा लागतो.

पण उपाशी राहायलाही काहीतरी लागते. संपात मराठा कामगार गावी जाऊ शकत होता. चार पांड जमीन, भाऊबंदाच्या घरात दोन भाकरी. आपला माणूस गावी जाऊन काय करणार? पुन्हा महारकी? माझी आजी सांगायची, त्या पावसाळ्यात घरातली पितळी भांडी एकेक करून मारवाड्याकडे गेली, शेवटी तांब्या राहिला तोही गेला. भूक सगळ्यांनाच होती, पण आपल्या घरात ती महिना-दोन महिने आधी पोचायची.

बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले. त्यांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारले, तुमच्या मागण्यांत आमची मागणी कुठे आहे? विणाईखाते अस्पृश्यांना उघडा, असे मालकाला सांगा. नाहीतर आमच्या माणसाने कशासाठी उपाशी मरायचे? जे खाते त्याला बंद, त्या खात्याच्या दरासाठी? पुढाऱ्यांना ही मागणी जड गेली. का जड गेली? ते जातीयवादी होते म्हणून? मला नाही वाटत. बरेचसे जानवे टाकलेले, शिकलेले लोक. पण युनियनचा कणा म्हणजे विणकर, आणि विणकर दुखावला तर संप बसेल ही धास्ती. मागणी घेतली, पण नाइलाजाने. पुढे फॉसेट कमिटीपुढे ती आली तेव्हा मालकांनी हात झटकले. त्यांचा सूर असा, की हा अन्याय असेल तर असेल, पण तो आम्ही केलेला नाही.

दोस्तांनो, ह्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केलाय. मालक खोटे बोलत होता का? अर्धे. भरतीची चावी त्याच्या हातात, मुकादम त्याचा, धोटा त्याच्या पैशाचा, ठरवले असते तर सहा महिन्यांत खाते उघडले असते. पण उरलेले अर्धे खरे होते, आणि ते खरे होते म्हणूनच युनियनचे पुढारी तिथे मान खाली घालून बसले असणार. मालकाला बोट दाखवायला जागा दिली कोणी? ज्याने मालकाविरुद्ध मूठ आवळली होती, त्यानेच.

पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला आणि बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले, कामावर जा. ह्यावरून आजवर टोमणे खातोय आपण. संपफोडे. मीसुद्धा कॉलेजात असताना ह्या शब्दाने खाली बघायचो. आता बघत नाही. आजा कामावर गेला होता १९२९ साली. त्याच्या अंगावर दगड आला, कपाळावर शेवटपर्यंत खूण होती. दगड मारणारा त्याच्याच गिरणीतला, विणाईतला. आजा म्हणायचा, “ज्या खात्यात मला पाय ठिवू दिला न्हाई, त्या खात्यासाठी मी रगत सांडावं म्हनतोय त्यो.” पण आजाचे म्हणणे म्हणून मी सगळे मान्य करत नाही. त्याच्या कामावर जाण्याने त्रासनातला पगार वाढला का? नाही. विणाईचे दार उघडले का? तेही नाही. मालकाने त्याला शाबासकी दिली आणि दोन बाजू चालवायला लावल्या. बाहेर राहिलो तरी मार, आत गेलो तरी मार. ही कोंडी समजून न घेता जो कोणी वर्गाची एकजूट म्हणून ओरडतो त्याला मी विचारतो, तू धोटा देणार का? आणि जो म्हणतो आपल्याला वर्गाशी काय करायचेय, त्याला विचारतो, दोन बाजू कोणी चालवायला लावल्या?

बाबासाहेब त्या कोंडीत बसून राहिले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव बघा. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे ते म्हणाले, आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य-समता-बंधुता नाकारणे, आणि ही वृत्ती सगळ्या थरांत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच सांगून ठेवले. आपण पहिले अर्धे पाठ केले. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमन म्हणून जन्म काढावा लागे. हमालसुद्धा करत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागत, आणि त्या घरात आपला हात चालत नव्हता. म्हणजे गिरणीत धोटा, रेल्वेत मास्तरची घागर.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. आधी तडजोडीच्या फेऱ्या, त्या संपेपर्यंत संप केलात तर गुन्हा. बाबासाहेब कायदेमंडळात कडाडले. संप करणे गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याला गुलामी म्हणतात, हा त्यांचा मुद्दा. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप पुकारला. कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर. पोलिसांनी गोळीबार केला. एकोणतीस सालचा दगड कपाळावर घेऊन माझा आजा त्या दिवशी बाहेर पडला. कोणी सांगून नव्हे, बाबासाहेबांचा पक्ष होता म्हणून. तो सांगायचा, त्या दिवशी विणाईवाले आणि आम्ही एकाच रांगेत होतो, पुढे-मागे नाही, शेजारी. मी विचारले, मग दुसऱ्या दिवशी? म्हणाला, “दुसऱ्या दिवशी त्ये त्येंच्या खात्यात, आमी आमच्या.”

बिल पास झालेच. पुढे १९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, ज्याने एका धंद्यात एकाच युनियनला मालकाशी बोलायचा हक्क दिला. कामगार कोणाच्या मागे आहेत ह्याला किंमत नाही, रजिस्टरला कोण आहे त्याला किंमत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा हाच कायदा आडवा पडला होता. तो रद्द करा ही त्या संपाची एक मागणीच होती. आज तरुण पोरांना वाटते १९८२ चा संप पगारवाढीसाठी हट्टाने ताणला. अरे, ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी बोलायचीच कायद्याने सोय नव्हती!

मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जानेवारी १९७४, वरळीच्या बी. डी. डी. चाळी. ते दिवस मी पोरसवदा असताना पाहिलेत. ह्या इमारतीच्या गच्चीवरून त्या इमारतीवर सोडावॉटरच्या बाटल्या, दगड, पेटते बोळे. परळच्या मोर्च्यात भागवत जाधवच्या डोक्यात पाटा घातला. आणि त्याच वर्षी गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. म्हणजे संपात जी माणसे एका बाजूला, तीच गच्चीवर समोरासमोर. भोंगा एकच होता, पाळी एकच होती. मग त्या एकजुटीत काय कमी पडले? सवर्ण पुढाऱ्यांनी ह्याचे उत्तर ‘मालकांचे हस्तक’ असे देऊन टाकले. हस्तक असतीलही. पण हस्तकाला पेटवायला काहीतरी कोरडे लागते की नाही?

माझ्या बापाला साचा मिळाला १९६४ साली. त्रासनात बारा वर्षे काढल्यावर. तोवर घटना होती, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होता, बाबासाहेब जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि आम्ही बौद्ध झालो होतो. खाते उघडले. आता तो धोटा तुमच्यात फिरतोय ना, कोणाच्या हातात आहे? उलटा करा. तळाला एक फुली दिसेल. खिळ्याने कोरलेली. ती बापाने मारलेली नाही. तो साच्यावर चढला त्या आठवड्यात कोणीतरी त्याच्या धोट्यांवर फुल्या मारल्या, चुकून दुसऱ्या पाळीत तोंडाला जाऊ नये म्हणून. बापाने त्या घासून काढल्या नाहीत. अठरा वर्षे फुलीच्या धोट्यावर कापड विणले. १९८२ च्या संपाच्या आदल्या दिवशी त्यातला एक घरी आणला. गेटवर झडती असायची. कसा आणला ते त्याने सांगितले नाही.

संप लांबला. बाप गावी गेला नाही, जाऊन काय करणार? हमाली केली, कांदे विकले. त्या पावसाळ्यात त्याच्या शेजारच्या साच्यावरचा मराठा जोडीदार कोरेगावकडून आला, अर्धे पोते ज्वारी घेऊन. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसला, चहा प्याला, ज्वारी ठेवून गेला. फुली कोणी मारली ते बापाने मरेपर्यंत सांगितले नाही. ज्वारी कोणी दिली ते मात्र तो सगळ्यांना सांगायचा. मी कधीकधी विचार करतो, दोघे एकच असतील का? विचारायचे राहून गेले.

आता आपल्याच घरातली एक गोष्ट. चिडू नका. आजाच्या त्रासनखात्यात आपल्या लोकांचे पाण्याचे पिंप वेगळे होते. स्पृश्यांच्या नळाला हात लावायचा नाही. ह्याविरुद्ध आजा बोलायचा, तावातावाने बोलायचा. मी नववीत असताना त्याने सांगितले, की गिरणीतले संडास साफ करणारा मेहतर एकदा आमच्या पिंपाशी आला. मग? मग काय, आम्ही त्याला हाकलला. हे त्याने अभिमानाने सांगितले, पोरांनो. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. म्हणजे विणाईवाल्याने जो धोटा आजाला दिला नाही, तोच आजाने खाली दिला नाही. मी माझ्या आजावर प्रेम करतो आणि तरीही हे इथे माईकवर सांगतो, कारण उद्या तुमच्यातला कोणी पुढारी होईल तेव्हा त्याला हे आठवावे लागेल.

आज गिरण्या नाहीत. त्या जागी मॉल आहेत, काचेचे टॉवर आहेत, त्यात आपली पोरे युनिफॉर्म घालून दार उघडतात आणि रात्री फरशी पुसतात. पगाराच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव नाही, कंत्राटदाराचे आहे. मुंबईचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार आपलेच लोक आहेत, बहुतेक सगळे. त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षे कोर्टात भांडून २०१७ साली सुप्रीम कोर्टातून २७०० जणांना कायम करून घेतले. मुकादमाची दस्तुरी गेली, कंत्राटदाराचे कमिशन आले. आणि १९३८ च्या बिलाचे नातवंड बघायचे असेल तर संसदेने २०२० साली मंजूर केलेली औद्योगिक संबंध संहिता वाचा. कोणत्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस, आणि तडजोड चालू असेतो संप बेकायदा. वाचा म्हणजे खरंच वाचा, मोबाईलवर मिळते. पुढच्या वर्गात त्यावर विचारणार आहे.

एक काम सांगतो आणि थांबतो. पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला आपण सफाई कामगारांच्या चौकीवर जाणार आहोत. भाषण करायला नाही. तिथल्या कंत्राटी लोकांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि फंडाचे नंबर नोंदवून घ्यायचे आहेत, तक्रार करायला ते लागतात. पंधराजण पाहिजेत. येणाऱ्याने तिथे त्यांच्या बरोबर चहा प्यायचा आहे, त्यांच्या ग्लासात, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. जाताना दाराशी वही आहे, तिच्यात नाव लिहा.

आणि तो धोटा कुठे अडकलाय? मागे? पुढे द्या रे, घरी न्यायचाय.